फाळक्याजवळची जागा

फोन वाजला तेव्हा सुहास पोतनीस उज्जैनच्या देवास रोडवरच्या टपरीवर चहा पीत उभा होता. त्याच्या गाडीत दोन मालकांचा माल होता आणि त्यातल्या मोठ्या मालकाला छोट्याची खबर नव्हती.

"पोतनीस, निकल गए क्या?" मोठा मालक बोलत होता. अरविंद सेठ, मक्सी रोडवरच्या पोहा मिलचे.

हो, देवास ओलांडलं, एवढं म्हटलं असतं तरी विषय संपला असता. पण खोटं बोलायला आधीपासून तयारी लागते, आणि सुहासच्या हातात गरम ग्लास होता. तो म्हणाला, "बस, निकल ही रहा हूँ."

"तो गाड़ी वापस ले आओ. नागपुर वाले को चालीस कट्टे और चाहिए. जगह तो है ही अपनी."

फोन बंद झाला. आणखी चाळीस पोती. सुहासने उरलेला चहा टपरीमागच्या नालीत ओतला आणि गाडीकडे बघितलं. मागचा फाळका लावलेला, वर ताडपत्री, ताडपत्रीवर त्यानेच काल आवळलेला दोर. बाहेरून काही दिसत नव्हतं. आत, फाळक्याजवळ, सेठच्या पोह्यांना टेकून, कॉलनीतल्या दुर्गाताईंच्या अगरबत्त्यांची तीस खोकी होती. सेठ ज्या जागेला 'अपनी' म्हणाले, ती हीच.

पोहे हलके. गाडीचं वजन भरायच्या आधी ट्रकचा हौदा भरतो. सेठ नागपूरच्या फेरीचं पूर्ण गाडीचं भाडं देत, मग माल हौदाभर असो की पाऊण. त्या बदल्यात हौद्याची वीत न् वीत त्यांची. मोकळी राहिली तरी त्यांची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मिलमध्ये येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी एकाने पोह्यांच्या मागे लसणाची पोती टाकली होती. सेठ त्याला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फाटकाच्या आतल्या बाजूला त्याच्या गाडीचा नंबर खडूने लिहिला आणि त्यावर आडवी रेघ मारली. तिथे पाऊस पोचत नाही. नंबर अजून वाचता येतो.

त्या ड्रायव्हरकडचा सेठचा सगळा माल सुहासकडे आला. तोपर्यंत तो पार्ट लोडवर जगत होता. ट्रान्सपोर्ट नगरात दलालाच्या बाकावर बसायचं, कोणाचे चार पाइप, कोणाचा कूलर, कुणाच्या बदलीचं अर्धं घर असं जमवत हौदा भरायचा. भरेपर्यंत पहिला मालवाला शिव्या घालतो, पोचेपर्यंत शेवटचा. सहा जणांचा माल म्हणजे सहा जणांची चाकरी. पूर्ण गाडी मिळाली तेव्हा देवश्रीला, त्याच्या बायकोला, त्याने फोन करून सांगितलं होतं की आता एकच मालक. ती म्हणाली होती, "बरं झालं. आता जेवायला तरी ठरलेल्या वेळी याल."

पोतनीसांच्या घरात कोणी ट्रक चालवला नव्हता. पूर्वज शिंद्यांच्या खजिन्यावर होते, आजोबा महसुलात, वडील बँकेत. सुहासने बी.कॉम. केलं आणि फ्रीगंजमधल्या एका फायनान्स कंपनीत वसुलीला लागला. हप्ते थकवणाऱ्यांचे ट्रक ओढून आणणं हे त्याचं काम. त्या ट्रकांवरच तो चालवायला शिकला. मागे कुणीतरी रस्त्याकडेला बसून रडत असायचं आणि सुहास आरसा फिरवून ठेवायचा. कंपनीने उज्जैनची शाखा बंद केली तेव्हा यार्डात उरलेल्या गाड्यांतली एक त्याने लिलावात घेतली. घरचे विचारणाऱ्यांना सांगतात, सुहास लॉजिस्टिक्समध्ये आहे.

सेठकडून गाडी सुटली तर बाकावर परत. एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने गाडी वळवली. आधी नानाखेड्याला, घरी.

दोन गल्ल्या पलीकडच्या दुर्गाताईंनी गॅरेजमध्ये अगरबत्तीचं काम काढलं होतं. नागपूरचं एक दुकान त्यांचा माल घेऊ लागलं होतं. "तुझी गाडी जातेच ना रे त्या बाजूला," त्या म्हणाल्या होत्या, "कोपरा असेल तर बघ." कोपरा होता. दर आठवड्याला तो कोपरा मोकळा जाताना सुहासला आरशात न दिसताही दिसायचा. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तिथून पोकळ आवाज यायचा. कालपर्यंत त्याने तो ऐकून घेतला. काल दुपारी मिलमधून माल भरून आल्यावर त्याने फाळका उघडला.

गाडी मागे घेत घरासमोर लावताच समोरच्या बाल्कनीत अनिलकाका आले. बँकेतून निवृत्त, वडिलांचे जुने सहकारी.

"काय सुहासराव, परत?"

"थोडं सामान उतरवायचंय, काका."

"अस्सं. आम्ही समजत होतो लॉजिस्टिक्समध्ये सामान पुढे जातं."

सुहास हौद्यात चढला. देवश्री शिकवायची त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून ती घरी होती. तिने पदर खोचला आणि हात वर केले. तो खोकी देत गेला, ती दारात ठेवत गेली. आत सुहासची आई प्रतिभाताई दिवाणावर बसल्या बसल्या खोक्यांच्या भिंतीआड जात होत्या.

"सुहास, कुणाची पूजा आहे आज?"

"कुणाची नाही, आई."

"मग एवढा मोगरा?"

देवश्री हळू आवाजात म्हणाली, "सेठना विचारून घ्या म्हटलं होतं मी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

"म्हणजे उत्तर माहीत होतं तुम्हाला."

"जागा रिकामी जात होती, देवश्री."

"रिकामी कुठे? भाडं भरलेली होती ती." तिने पुढचं खोकं घेतलं. "आणि दुर्गाताईंचा फोन येऊन गेला. विचारत होत्या, भोपाळ आलं का. मी म्हटलं, गाडी चालवताना ते उचलत नाहीत."

शेवटचं खोकं उतरलं. हौद्याची लाकडी जमीन दिसू लागली. सुहासला क्षणभर बरं वाटलं. हे असंच होतं, काल दुपारी होतं तसंच. मग तो पाठीमागच्या पोह्यांना धरून उठू लागला आणि त्याचा चेहरा एका कट्ट्याजवळ गेला.

कट्ट्याला मोगऱ्याचा वास येत होता.

त्याने वरचा कट्टा हुंगला. शेजारचा हुंगला. एप्रिलचं ऊन, बंद ताडपत्री, वर एक अख्खी रात्र. एक रांग ओढून काढली आणि मागच्या रांगेत नाक घातलं. तिथेही होता, पुसट. तिसऱ्या रांगेत आहे की आपल्याच नाकात, ते कळेना.

"जरा वर ये. सांग मला, इथे येतोय का?"

देवश्रीने खालूनच मान हलवली. "मी तीस खोकी उचललीत. मला आता तुमचासुद्धा वास मोगऱ्याचाच येईल."

त्याने ताडपत्री मागून वर बांधली, वारा खेळावा म्हणून, आणि निघाला.

सिंहस्थाच्या तयारीत अर्धा रस्ता खोदून ठेवलेला. एका बाजूनेच वाहनं सोडत होते. पुढे एक क्रेन आडवी झाली आणि सगळं थांबलं. थांबलेल्या गाडीला वारा लागत नाही. केबिनच्या मागच्या जाळीतून मोगरा पुढे येऊन बसला. समोरच्या छोट्या गणपतीपुढे सुहास रोज एक अगरबत्ती लावतो, चंदनाची. आज तिचा मागमूस नव्हता.

फोन. "कहाँ हो? हम्माल बैठे हैं."

"जाम लगा है, सेठ."

"उज्जैन में कब नहीं लगता. आओ."

आवाजात राग नव्हता. सुहासला वाटलं, राग असता तर सोपं झालं असतं. ज्या लोकांच्या गाड्या तो ओढून आणायचा ते शेवटी खोटं बोलायचे. गाडी गावाला गेलीय, भावाने नेलीय. तो ऐकून घ्यायचा आणि मागच्या वाड्यात जाऊन गाडी काढायचा. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा त्याला चांगला ठाऊक होता. त्याने आरसा स्वतःकडे वळवला आणि परत रस्त्याकडे केला.

मिलच्या फाटकातून शिरताना खडूने खोडलेला नंबर डाव्या हाताला आला. चाळीस कट्टे ओट्यावर रचून तयार होते. हमालांचा मुकादम बापू, मूळचा खानदेशातला, सुहासशी मराठीत बोलायचा. फाळका पडला तसा तो हौद्यात चढला आणि थबकला.

"पोतनीसजी," खालून एक हमाल म्हणाला, "गाड़ी में मंदिर खोल लिया क्या?"

सगळे हसले. बापू हसला नाही. तो खाली वाकून सुहासला हळूच म्हणाला, "सुहासभाऊ, काय होतं ते मला सांगू नका. मी नवे कट्टे भराभर पुढे लावून टाकतो. वास झाकला जाईल. नागपूर लांब आहे, वाऱ्याने जाईल."

"जाईल?"

"जाईल किंवा नाही जाईल. पण इथे तर नाही दिसणार."

तेवढ्यात सेठ ऑफिसचा जिना उतरून आले. त्यांच्या हातात नेहमीसारखे मूठभर पोहे होते. प्रत्येक भरतीतले थोडे ते कच्चेच खात. चावत चावत ते केबिनपाशी थांबले, आत गणपतीकडे बघितलं.

"अगरबत्ती बदली क्या, पोतनीस? अच्छी है."

बापूने मान खाली घातली. हमाल पहिला कट्टा पाठीवर घेऊन फळीवर चढत होता. फक्त 'हो' म्हणायचं होतं. सेठनीच पुढे केलेलं खोटं, आयतं. ते घेतलं की गाडी भरणार, फाळका लागणार, पुढच्या आठवड्यात परत हीच वेळ, हाच ओटा.

सुहास फळीवरच्या कट्ट्याकडे बघत राहिला. पोह्यांना स्वतःचा वास जवळजवळ नसतो, म्हणून ते शेजाऱ्याचा घेतात. हा नवा, कोरा कट्टा वास लागलेल्याला टेकणार. ऊन तेच, ताडपत्री तीच. संध्याकाळपर्यंत हाही मोगरा होणार, आणि त्याच्या मागचा. एका कोपऱ्याची अख्खी गाडी होईल. नागपुरात कोणीतरी पोहे भिजवील आणि हात थांबवील.

"कट्टा खाली ठेव," तो हमालाला म्हणाला. मग सेठकडे वळला. "सेठ, अगरबत्ती वही है. माल में खुशबू लगी है. पीछे की दो लाइन उतरवानी पड़ेगी. तीसरी आप देख लो, मेरी नाक भर गई है."

सेठ चावायचे थांबले. हातातले पोहे त्यांनी खिशात टाकले. ओट्यावरचा सुतळी कापायचा चाकू घेऊन ते हौद्याशी गेले, मागच्या कट्ट्याची शिवण उसवली, चिमूटभर तोंडात टाकले. बराच वेळ चावत राहिले. थुंकले नाहीत, गिळले.

"मोगरा," ते म्हणाले. "किसका माल था?"

"कॉलनी की एक दीदी का. तीस खोके."

"अब कहाँ है?"

"घर पे उतारा. अभी."

"मतलब मैंने फोन किया तब गाड़ी में था."

"था."

मिलचा आवाज चालूच होता. सेठनी तिसरी रांग उघडायला लावली, तिथले पोहे खाल्ले, मान हलवली. ठीक होती. मग त्यांनी दोन रांगा उतरवायला सांगितलं आणि कट्टे गोदामाच्या वेगळ्या कोपऱ्यात टाकायला लावले. "ये तुम्हारे हिसाब में," ते म्हणाले. सुहासने मान डोलावली.

"नंबर लिखूँ फाटक पे?" सेठनी खरंच विचारावं तसं विचारलं.

सुहासने फाटकाकडे बघितलं. बापू वर कट्टे सरकवत होता. त्याचे हात मंद झाले होते.

"नहीं लिखता," सेठ म्हणाले. "लेकिन पूरी गाड़ी का भाड़ा आज से बंद. कट्टे के हिसाब से मिलेगा. जितने मेरे, उतना."

"और बची हुई जगह?"

"वो तुम्हारी. पर मेरे पोहे के बाज़ू में कौन बैठेगा, पूछ के बिठाना." ते जिन्याकडे गेले. वर जाता जाता थांबून म्हणाले, "तुम बैंक वालों का घर है ना, पोतनीस. इतना तो समझना था."

वडील बँकेत होते, मी वसुलीत होतो, असं सांगावंसं त्याला वाटलं. पण सेठ वर पोचले होते.

चाळीस कट्टे चढले, तयार तेवढेच होते. उतरवलेल्या दोन रांगांची जागा त्यांनी भरून काढली, तरी फाळक्याजवळ हौदा मोकळाच राहिला. कालच्यापेक्षा थोडा कमी, एवढंच. बापूने शेवटचे कट्टे पायऱ्या करून लावले, उताराला घसरू नयेत म्हणून, आणि आडवा दोर घेतला.

"त्या वेगळ्या कट्ट्यांचं काय करणार, सुहासभाऊ?"

"बघू. वर्षभर नाश्ता."

"मोगऱ्याचे पोहे," बापू म्हणाला. "पाहुणे उठायचे नाहीत." मग दोर आवळताना हळूच, "तुम्ही बोलला नसतात तर चाललं असतं."

"चाललं असतं," सुहास म्हणाला.

देवास रोडच्या त्याच टपरीपाशी परत आला तेव्हा दुर्गाताईंचा फोन आला. या वेळी त्याने गाडी कडेला घेऊन उचलला.

"सुहास, कुठवर पोचला रे माझा माल?"

"माझ्या घरी आहे, ताई. पोह्यांना वास लागला. आज नाही नेता येणार. मी दुसऱ्या कोणाच्या गाडीत टाकायचं बघतो."

मग त्या म्हणाल्या, "अरे, पण तुझ्या गाडीत जागा होती ना?"

"जागा आहे," तो म्हणाला.

गाडी निघाली. खड्डा आला तसा मागून तोच पोकळ आवाज आला. दोन वर्षं तो आवाज सेठचा होता, भाडं भरलेला. आज सुहासचा होता, आणि त्याचं भाडं कोणी देणार नव्हतं. बाक आठवला, दलाल आठवला, कूलर आणि पाइप आठवले. पोह्यांच्या शेजारी त्यातलं काय चालेल, याचा विचार करत तो एकेक गोष्ट मनातल्या मनात हुंगून बघू लागला.