शिंगाड्याचा वास

आमच्या भंडाऱ्याकडे आई तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून शिंगाडे तोडायची. काट्यांनी बोटं फाटायची, पायांना जळवा लागायच्या. आज इकडे परदेशात, सनीव्हेलच्या चिनी दुकानात उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला आणि इथल्या कॉलेजातला भूगोलाचा एक तास आठवला.

त्या दिवशी मी श्युयीवर बोलले. पूर्व चीनमधला, हाँगझ तळ्याकाठचा हा तालुका. पिवळ्या नदीनं आणलेल्या गाळापायी तळं फुगत गेलं आणि तिथलं एक अख्खं जुनं शहर पाण्याखाली गेलं. शेवटी मी फोटो दाखवला. त्यात लाकडी टपांत बसून शिंगाडे तोडणाऱ्या बायका होत्या.

जागेवर येऊन बसले, तर शेजारचा मुंबईचा निखिल नाक मुरडून म्हणाला, "काय चिखल आहे यार. त्यातलं काढून खातात हे लोक? तू खाशील?"

"छे, ई," मी म्हणाले आणि हसलेसुद्धा.

त्या हसण्याची मला अजून किळस येते. निखिलची येत नाही. त्याच्या घरी उपासाला होणारा शिंगाड्याचा शिरा असल्याच चिखलातून येतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

आईच्या त्या शिंगाड्यांवर शिकून मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले.