बजरंगचं कोरं कार्ड

त्या सकाळी थंडी अशी होती, की स्पिरिटची बाटली उचलतानाही बोटं आखडत होती. खिडकीबाहेरचा पिंपळ धुक्यात अर्धाच दिसत होता. डॉक्टर मुक्ताईनं सात वाजता ड्रेसिंगची ट्रॉली ढकलायला घेतली. ट्रॉलीचं एक चाक किरकिरायचं. "आली बाबा," असं कुणीतरी पांघरुणातूनच म्हणायचं आणि वॉर्ड जागा व्हायचा.

साल दोन हजार दोन. तिचं सर्जरीचं एम.एस. होऊन सहा महिने झाले होते. पुढची शाखा फॉर्मवर लिहून संध्याकाळी पाचच्या आत द्यायची होती, आणि एकदा दिली की बदलता येत नव्हती. मुक्ताईनं लिहिलं होतं, हृदयशस्त्रक्रिया. फॉर्म घडी घालून अॅप्रनच्या खिशात होता.

मन मात्र तीन वर्षं प्लास्टिक सर्जरीकडं ओढ घेत होतं. तिथं सोमवारी भाजून छातीला चिकटलेली मान, मंगळवारी यंत्रात गेलेला अंगठा, बुधवारी फाटल्या ओठाचं तान्हं लेकरू. कालच्यासारखं आज नाही. हे तिनं एकदा युनिटप्रमुख दीनानाथसरांना सांगितलं. सर हात धूत होते. पाणी न थांबवता म्हणाले, "विविधता हवी असेल तर मंडईत जात जा. आपली करमणूक व्हावी म्हणून पेशंट चिरून घेत नाही, डॉक्टर. तो घरी गेल्यावर त्याचं काय होतं ते बघा, मग ठरवा."

बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. टाके निघाले की दवाखान्याच्या लेखी माणूस संपायचा. पुढचं कोण बघतंय? तिनं घरी वडिलांना विचारलं. नागोराव परभणीकडून येऊन पुण्याजवळच्या मांजरी गावात स्थिरावलेले, तीस वर्षं पोस्टमनकी केलेले. ते म्हणाले, "त्यात काय हाय? जाताना कार्ड दे हातात. आपला पत्ता घालून दे. तीन महिन्यांनी त्यानं फक्त लिहायचं आन् पेटीत टाकायचं."

तेव्हापासून मुक्ताईच्या हातून घरी जाणाऱ्या प्रत्येकाला एक पोस्टकार्ड मिळू लागलं. पत्ता तिच्या अक्षरात, मागची बाजू कोरी. हृदयाच्या वॉर्डात ड्यूटी होती तेव्हाची कार्डं भरभरून आली. ‘जिना चढतो.’ ‘पोरगी शाळेत जाते, ओठ आता निळे पडत नाहीत.’ नागोराव ती दोन-दोनदा वाचायचे. मुक्ताईची आई हृदयाच्या झडपेच्या दुखण्यानं गेली होती. त्यावर ते कधी बोलत नसत, कार्डं मात्र खणात जपून ठेवत.

प्लास्टिक सर्जरीतल्या हाताच्या पेशंटांचं एकही कार्ड आलं नाही. मुक्ताईनं त्याचा सरळ अर्थ लावला. हात बरे झाले, माणसं कामाला लागली, आठवण कशाला ठेवतील? आपण शिवले तसे हात कुणीही शिवेल, त्यासाठी आयुष्य घालवायला नको. असा विचार करत तिनं फॉर्म भरला होता.

साडेनऊला ट्रॉली दाराशी आली, तर बाकावर एक बाई उठून उभी राहिली. "वळखलं का डॉक्टरीणबाई? म्या रतन. वारज्याची रसवंती. ह्यांचा हात चरकात गेला व्हता बघा."

शेजारी बजरंग बसला होता. चारेक महिन्यांपूर्वी त्याच्या उजव्या हाताच्या तुटलेल्या कंडरा, बोटं ओढणाऱ्या दोऱ्या, मुक्ताईनं चार तास उभं राहून जोडल्या होत्या. तो हात तिला अजून पाठ होता. टाके इतके सुबक, की सरांनीही मान हलवली होती.

"कसं आहे?" तिनं हसून विचारलं. "कार्ड नाही टाकलंत ते?"

रतननं पिशवीतून कार्ड काढलं. कडा मळलेल्या, मागची बाजू कोरी. "कशानं टाकतील? पेन धराय येतंय व्हय? म्या म्हणलं, समोरच्या कंप्युटर कंपनीतलं एखादं पोरगं लिहून दील, रस प्यायला येत्यातच की. तर म्हणत्यात, माझा हात, मीच लिहीन."

मुक्ताईनं त्याचा हात हातात घेतला. वण सुरेख भरला होता. बोटं मात्र अर्धवट वाकून लाकडासारखी थिजली होती. तिनं खिशातलं पेन त्याच्या बोटांत ठेवलं. ते घरंगळून फरशीवर पडलं. बजरंगनं डाव्या हातानं उचलून तिला परत दिलं.

"बोटं हलवायचा व्यायाम नाही केला का?" तिनं विचारलं.

"तुमीच म्हणाला व्हता, हात हलवू नगा." बजरंग अगदी सरळपणे म्हणाला. "म्या हलवलाच न्हाई. झोपताना बायको बांधून ठेवायची. दोन म्हैने."

हलवू नका, हे तिनं सांगितलं होतं. कधीपर्यंत, ते सांगायचं राहिलं होतं. कंडरा जुळल्या आणि आसपासच्या मांसाला चिकटून बसल्या.

"सुटंल का?" रतननं विचारलं.

"चिकटलेलं सोडवायला पुन्हा ऑपरेशन लागेल. निम्माशिम्मा येईल कदाचित. पूर्वीसारखा नाही." पेन खिशात ठेवत ती म्हणाली, "चूक माझी आहे, बजरंगभाऊ."

त्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते तिला कळलं नाही. ती स्वतः दोघांना प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत घेऊन गेली, तारीख मिळेपर्यंत थांबली आणि ऑपरेशनच्या दिवशी टेबलापाशी उभं राहायची परवानगी मागून आली. ते कार्ड तिनं परत दिलं नाही.

दुपारी नागोराव डबा घेऊन आले. फॉर्म आपण नेऊन देतो म्हणाले होते. त्यांनी तो उलगडला. ‘हृदयशस्त्रक्रिया’ खोडून शेजारी ‘प्लास्टिक सर्जरी’ लिहिलं होतं, सही करून.

"काळजाचं करणार हुतीस ना?"

"दादा, हातांची कार्डं का आली नाहीत, ते आज कळलं." तिनं कोरं कार्ड पुढं केलं आणि सगळं सांगितलं.

नागोराव ते कार्ड उलटसुलट करत बसले. आयुष्यभर पत्रं वाटली, न आलेल्या पत्राची त्यांना सवय नव्हती. "तुझ्या आईला..." एवढंच म्हणाले. मग फॉर्मची घडी घालून त्यांनी वरच्या खिशात ठेवली. "पाचच्या आत द्यायचा ना?"

"हो."

ते जिना उतरेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग कात्री घेऊन स्टुलावर बसली आणि उद्याच्या ड्रेसिंगसाठी गॉजच्या पट्ट्या कापू लागली.