शेजारच्या सीटवर कोण बसणार?

शहराच्या त्या भागातल्या निम्म्या बायका गाडी चालवायला शिकल्या त्या क्लचबाईंकडे. खरं नाव ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण ते वाचतो कोण? शिकवताना बाई "क्लच! अगं क्लच! पाय झोपलाय का तुझा?" अशा ओरडायच्या की फुटपाथवरचा माणूससुद्धा दचकून पाय उचलायचा. त्यावरून नाव पडलं ते चिकटलं.

स्कूल नवऱ्याने काढलेलं. तो ऐन उमेदीत गेला तेव्हा मुलगा शाळेत होता, मुलगी त्याहून लहान. लोकांनी सल्ले दिले, गाड्या विका, घरी बसा. सल्ला द्यायला कोणाच्या खिशातलं काय जातं! बाईंनी ऐकून घेतलं आणि तेराव्या-चौदाव्याच्या भानगडीत न पडता वर्ग सुरू केले. पुरुष शिकायला येईनात, म्हणून बायका शिकवल्या. घाबरट नवऱ्यांच्या बायका, धीट सासवांच्या सुना, नोकरी लागलेल्या मुली. त्यावर दोन्ही पोरं शिकली. मुलगा विमा कंपनीत चिकटला, मुलगी दातांची डॉक्टर झाली.

शिकवायच्या गाडीत एक ब्रेक जास्तीचा असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. बाईंचं सगळं शास्त्र त्या ब्रेकपाशी होतं. त्या म्हणायच्या, पाय ब्रेकच्या वर धरायचा, ब्रेकवर टेकवायचा नाही. टेकवलात तर शिकणारी जन्मात शिकत नाही. आणि काढून घेतलात तर दोघी दवाखान्यात.

सत्तरी ओलांडल्यावर बाई विसरायला लागल्या. चष्मा, किल्ल्या हे सगळेच विसरतात. पण एकदा रोजच्या चौकात त्या शिकणारीला "आता वळ" म्हणाल्या आणि कुठल्या बाजूला ते त्यांनाच सुचेना. शिकणारी बिचारी त्यांच्याकडे बघत बसली. त्याच आठवड्यात बाई आपणहून डॉक्टरकडे गेल्या. तपासण्या झाल्या.

"सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू वाढेल. आज मात्र तुमची बुद्धी शाबूत आहे, तसं मी लिहून देतो. जे ठरवायचं ते आत्ताच ठरवा."

"आणि गाडी?"

"शिकवणं बंद. चालवायची तर दोन ब्रेकची, आणि शेजारी कोणीतरी हवं. तेही आणखी थोडेच दिवस."

बाईंनी घरी येऊन चहा केला, त्यात साखर घालायला विसरल्या, आणि तसाच प्यायल्या.

मग त्या वकीलबाईंकडे गेल्या. ही त्यांचीच विद्यार्थिनी; लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली, त्यामुळे अजूनही बाईंसमोर जरा सावरून बसायची. मुलगा सोबत आला होता. वकीलबाईंनी आधी त्यालाच बाहेर बसवलं.

"मी मुलगा आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच. त्यांनी काय ते मनमोकळेपणाने बोलायला हवं."

तो तणतणत बाहेर गेला. वकीलबाईंनी समजावून सांगितलं: मृत्युपत्र निराळं, ते आपल्या पश्चात. हा कागद जिवंतपणीचा. उद्या बाईंना कळेनासं झालं तर ऑपरेशन करायचं की नाही, घरी ठेवायचं की शुश्रूषेच्या ठिकाणी, नळ्या लावायच्या की नाही, हे बाईंच्या वतीने ठरवणारा माणूस आजच नेमायचा. एक माणूस, आणि तो नसेल तर दुसरा.

"माणूस कसा निवडायचा?" बाईंनी विचारलं.

"जो स्वतःच्या मनातलं करणार नाही. तुमच्या मनातलं करेल."

"हे कळायचं कसं?"

वकीलबाई हसली. "ते कायद्यात लिहिलेलं नाही, बाई."

बाईंना रात्री झोप येत नसे ती मरणाच्या भीतीने नव्हे. मरणाला कोण विचारतो! भीती होती ती चुकीच्या हाती पडायची. कोणी आज, डोकं चालत असतानाच, गाठोडं बांधून कोपऱ्यात बसवेल; किंवा डोकं पार गेल्यावरही कोणी "आई अगदी छान आहे" म्हणत राहील. मायेची माणसंच हे करतात, आणि मायेशी भांडायचं कसं?

शेवटी त्यांनी केलं ते त्यांच्यासारखीलाच सुचेल. शिकवायची गाडी काढली, एकेकाला शेजारी, दुसऱ्या ब्रेकपाशी बसवलं, आणि सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर स्वतः चालवायला बसल्या.

पहिला मुलगा. विमा कंपनीत उभी हयात धोके मोजण्यात गेलेली. कोपऱ्यावर कुत्रं दिसलं, ब्रेक. कचराकुंडी दिसली, ब्रेक. काहीच दिसलं नाही म्हणून ब्रेक. गाडी उंटासारखी मान हलवत चालली. चौकात बाई क्षणभर अडखळल्या तर त्याने स्टिअरिंगलाच हात घातला.

"आई, सोड. मी घेतो."

"अरे, मी मेले नाहीये अजून!"

"म्हणूनच म्हणतोय!"

पोराच्या कपाळावर घाम होता. प्रेम होतं, कोण नाही म्हणतंय?

मग मुलगी. शनिवारी आली, आईला मिठी मारली, सीटवर बसली आणि बोलायलाच लागली. बाईंनी मुद्दाम सिग्नलपाशी थांबायची पांढरी रेघ ओलांडून गाडी पुढे नेली. मुलीचा पाय हलला नाही.

"दिसली नाही का गं रेघ?"

"असू दे गं. मस्त चालवतेस तू. काही होत नाही."

खुर्चीत बसलेल्या पेशंटला "जरासुद्धा दुखणार नाही" म्हणण्यात हिचा दिवस जातो. बाईंना तिचा मुका घ्यावासा वाटला, आणि घामही फुटला.

उरली नणंद. नवऱ्याची सगळ्यात धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहणारी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. वयाने लहान, तरी रीत म्हणून बाई तिला "वन्सं" आणि अहो-जाहो करायच्या. ती मात्र खुशाल "वहिनी, तू". दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. एकदा बाईंनी तिला गाडी शिकवायला घेतली होती, तर ती भर रस्त्यात उतरून चालत घरी गेली आणि पुढे कितीतरी महिने अबोला. आताही बाईंना तिला नेमायचं वगैरे मनात नव्हतं. रविवारी दोघींना एका आजारी नातलगाला भेटायला जायचं होतं, एवढंच.

"वन्सं, तो पायाशी आहे तो ब्रेक. लागला तर दाबा."

"मला कशाला सांगतेस? मी नापास विद्यार्थिनी."

"नापास व्हायला परीक्षेपर्यंत टिकावं लागतं."

"तू ओरडणं थांबवलं असतंस तर टिकले असते."

असं तोंड चाललं असतानाच तो चौक आला, आणि बाईंच्या डोक्यातला दिवा पुन्हा विझला. समोर रस्ते होते, दुकानं होती, सगळं ओळखीचं. पण यातला आपला कुठला, ते काही केल्या वर येईना. गाडी तशीच हळूहळू पुढे सरकत होती, समोरून येणाऱ्यांच्या बाजूला.

गाडी थांबली. झटका नाही, काही नाही. वन्संनी ब्रेक दाबून धरला होता.

"थांबवलीय मी," त्या म्हणाल्या. "तू आठव सावकाश."

मागे हॉर्न सुरू झाले. वन्संनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि भूगोलाच्या तासाला मागच्या बाकापर्यंत पोचवायच्या त्या आवाजात ओरडल्या, "शिकाऊ गाडी आहे, पाटी दिसत नाही? तुम्ही काय आईच्या पोटातून शिकून आला होतात?"

हॉर्न थांबले. वन्संनी काच वर केली. रस्ता त्यांना ठाऊक होता. जन्म त्याच भागात गेला होता. बोट दाखवलं असतं तर दोघी सुटल्या असत्या. पण त्यांनी ना बोट दाखवलं, ना उसासा टाकला. पाय ब्रेकवर घट्ट धरून समोर बघत बसल्या.

"उजवीकडे," बाई म्हणाल्या. "औषधाच्या दुकानावरून उजवीकडे."

"मग चल की," वन्सं म्हणाल्या, आणि पाय उचलला.

त्या दिवशी संध्याकाळी बाई दोन गल्ल्या चालत त्यांच्याकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, वकील, कागद. वन्संनी ऐकून घेतलं.

"म्हणजे शेवटी तुझ्या नळ्या काढायच्या का ठेवायच्या, ते मी सांगायचं?"

"हो."

"चांगलं बक्षीस आहे गं!" मग बराच वेळ त्या टेबलावरचा कण नखाने खरवडत राहिल्या. "होईन मी. पण दोन अटी. पोरांना तू सांगायचंस, माझ्या तोंडून कळता कामा नये. आणि तुला काय हवं ते मला आत्ता सांगून ठेवायचंस. मला अंदाज करायला लावू नकोस. मी भूगोलवाली, नकाशा नसला की मी जागची हलत नाही."

बाईंनी पोरांना सांगितलं. मुलगी रडली, मग हलकं वाटल्यासारखी गप्प झाली. मुलाचा चेहरा पडला.

"मी असताना आत्या? माझं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "तू मला जिवापाड जपशील. इतकं जपशील की मला श्वास घेता येणार नाही. दुसरं नाव तुझंच घातलंय. आत्या आहे तोवर तिच्या शेजारी बसून बघ, ती काय करते. आणि तिच्यावर रागावलास तर याद राख."

तो रागावला. तीन रविवार फिरकला नाही. चौथ्या रविवारी आला तो आत्यालाच गाडीतून घेऊन, वाटेत दोघांचं काय बोलणं झालं ते बाईंनी विचारलं नाही. सह्या झाल्या, प्रती डॉक्टरकडे गेल्या, मुलांकडे गेल्या.

त्यानंतर वन्सं येत आणि चहाबरोबर एकेक विचारत. नळीने भरवायचं का? "नको. चव नाही तर जेवण कसलं?" दुखत असेल तर? "औषध भरपूर द्या, झोपले तरी चालेल." शुश्रूषेच्या ठिकाणी ठेवायची वेळ आली तर? इथे बाईंना वेळ लागला. शेवटी म्हणाल्या, "ठेवा. पोरांची हाडं मोडून मला घरी नका ठेवू. फक्त रस्ता दिसेल अशी खोली बघा." मुलगा शेजारी बसून ऐकायचा. कधी उठून गॅलरीत जायचा, परत यायचा.

गाडी चालूच होती, रविवारची, वन्सं शेजारी. मुलगा म्हणे, आता बंद करा. वन्सं म्हणत, अजून नाही. मग थंडीतल्या एका सकाळी घरापाशी परत आल्यावर वन्सं उतरल्याच नाहीत.

"वहिनी, आजच्यानंतर नाही."

बाईंना आज काही चुकल्याचं आठवत नव्हतं. चुकलं आणि ते आठवतही नाही, तेच तर झालं असणार. एरवी त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं. कोणी मध्ये पडलेलं त्यांना कधी खपलं नव्हतं. पण हे वन्संनी घाईने म्हटलेलं नव्हतं, आणि भीड पडून गिळलेलंही नव्हतं. बाईंनी चावी काढून वन्संच्या हातात दिली, आणि त्यांना आश्चर्य वाटलं ते हे की छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आता कधी थांबायचं याची राखण त्यांना एकटीला करायची नव्हती.

पुढच्या रविवारी दोघी बसस्टॉपवर उभ्या होत्या. बस घसटत, खरडत आली.

"क्लच जाळतोय मेला," बाई पुटपुटल्या. मग जन्मात कधी न म्हटलेलं एकदम म्हणून टाकलं, "वन्सं, देवाचे उपकार, मला तुमच्यासारखी नणंद दिली."

"देवाचं काय नाव घेतेस? माझ्या आईचं घे. तिनेच तुला पसंत केलं होतं," वन्सं म्हणाल्या, आणि बसच्या दांड्याला धरून आधी वहिनीला वर चढवलं.