आठ दिवसांसाठी आलेल्या वन्सं

प्रयोगशाळेतल्या माशांना खाऊ घालताना मावशींना हमखास वन्सं आठवायच्या. पायच तशी आठवण करून द्यायचा. टाक्यांच्या रांगेतून त्या लंगडत फिरायच्या आणि बोटाच्या पेराएवढे पट्टेरी झेब्राफिश काचेपाशी गोळा व्हायचे.

तरुणपणी जिन्यावरून पडून मावशींच्या पोटरीचा स्नायू फाटला, तेव्हा ही थोरली नणंद मदतीला आली. आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि ठाण मांडून बसली. मावशींनी पाय टेकवायचा अवकाश, "बस गं तू, मी आहे ना!" इकडची काडी तिकडे करू दिली नाही. पोटरी वाळली ती वाळलीच. पण वन्सं गेल्या आणि घर खायला उठलं. तसं मायेनं पांघरूण पुन्हा कुणी घातलं नाही.

आता लेकीच्या मांडीला स्कूटरच्या अपघातात तशीच जखम झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, चालायला लागा. मावशी मात्र बाडबिस्तरा घेऊन लेकीकडे मुक्कामाला गेल्या होत्या.

त्या दिवशी संशोधक मुलीनं त्यांना पडद्यावर माशाचं पारदर्शक पिल्लू दाखवलं. "या चमकणाऱ्या पेशी बघा. जखम झाली की धावत येतात, खराब झालेलं साफ करतात आणि जातात. मग नवा स्नायू धरतो."

"आणि हे शेजारचं दुसरं पिल्लू?"

"याची सूज हटतच नाही. पेशी मुक्काम ठोकून बसल्यात. स्नायू भरत नाही."

"मग येऊच द्यायच्या नाहीत."

"तरी भरत नाही, मावशी. त्या यायलाच हव्यात. फक्त वेळेवर जायला हव्यात."

"आमच्या वन्सं गं," मावशी हसल्या. डोळे मात्र भरून आले.

संध्याकाळी लेक पाण्यासाठी उठू लागली. "बस गं तू, मी..." मावशी बोलता बोलता थांबल्या. मग त्यांनी पिशवी भरायला घेतली.

"चाललीस? दाराला कडी कोण लावणार?"

"तू. रविवारी येते."

बाहेर येऊन त्या दाराशी उभ्या राहिल्या. आत खुर्ची सरकली. एक पाऊल, मग फरफटत दुसरं. मध्येच काहीच ऐकू येईना. त्यांचं बोट बेलवर गेलं, तिथेच थांबलं.

बऱ्याच वेळानं आतून कडी लागली.