हद्दीपासून बेचाळीस पावलं

नोकरीतली बरीच प्रकरणं आता नावानिशी आठवत नाहीत. हे एक मात्र आकड्यांसकट लक्षात राहिलं आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या शिवेजवळ रस्त्याकडेला मृतदेह पडल्याचा फोन सकाळी साडेसातला आला. ठाणं कोणतं ते सांगत नाही. मी तिथला प्रभारी होतो.

नकाशावर हा सगळा भाग आता मुंबई महानगराच्या प्रदेशात धरतात. नेरळला राहणारा साजगावच्या कारखान्यात जातो, लोधिवलीची पोर लग्न होऊन कर्जतला नांदते. शीव कुठे ओलांडली, कुणाला कळतही नाही. ती कळते फक्त पोलिसांना.

मृत इसम पस्तिशीचा, आमच्याच हद्दीतल्या डोंगरातल्या वाडीवरचा. डोक्याला मार, डावा हात मोडलेला. आजूबाजूला रक्त नव्हतं, म्हणजे मार दुसरीकडे लागला होता. तालुक्याच्या फलकापासून मी पावलं मोजली. बेचाळीस, आमच्या बाजूला.

"थोडक्यात हुकलं, साहेब," हवालदार म्हणाले. "पन्नास पावलं पलीकडं पडला असता, तर आज त्यांची धावपळ आणि आपला चहा."

मी हसलो होतो. तेही लिहायला हवं.

पंचनामा करून मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला. दहाच्या सुमारास गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने खबर दिली. काल दिवस मावळायच्या आत दोघे जण बांबूला घोंगडी बांधून, झोळीत कुणाला तरी पलीकडच्या तालुक्यातून खिंडीने आणत होते. त्यातला एक मृताचा मेहुणा. त्याला ठाण्यात आणलं. खून करून प्रेत आमच्या हद्दीत टाकलं, असाच माझा कयास होता.

"भांडण कशावरून झालं?"

"भांडण नाय, साहेब. दाजी मध काढाया चढला व्हता. झाडावरनं पडला."

"मग प्रेत इथवर कशाला आणलंस?"

"प्रेत नाय." तो फरशीकडे बघत राहिला. "जिता व्हता. पाणी मागत व्हता."

माझा विश्वास बसला नाही. एक वाजता डॉक्टरांचा फोन आला. जखमा उंचावरून पडल्याच्या होत्या आणि पडल्यावर माणूस दोन-तीन तास तरी जगला असावा.

मेहुण्याला जीपमध्ये घालून, पलीकडून वळसा घेऊन त्या झाडापाशी गेलो. झाडापासून डांबरी रस्ता वीस मिनिटांवर. तिथून रिक्षाने दहा मिनिटांत सरकारी दवाखाना. हे दोघे मात्र उलट्या दिशेला खिंड चढून अडीच तास चालले होते.

"जवळचा दवाखाना सोडून एवढं का चाललास रं?"

"गेल्या साली दाजीच्या आईला साप चावला. आमी तिला ह्याच दवाखान्यात नेली. मेली. हिकडचं पोलीस म्हणं, साप तुमच्या वाडीवर चावला, तिकडनं कागद आणा. तुमी म्हणलं, मेली तिकडं, तिकडंच जा. दोन दिस म्हातारी तशीच पडून व्हती, साहेब. काल दाजीच बोलला, मला हिकडं नेऊ नको. फलक वलांडला न् थंड पडला. आमी भ्यालो. पळालो."

ठाण्यात परतल्यावर जावक नोंदवही काढली. म्हातारीच्या कागदाची नोंद सापडली. 'सदर घटना आपल्या हद्दीत नाही' असा शेरा मारून परत पाठवल्याची. खाली सही माझी.

मृताची बायको दुपारपासून व्हरांड्यात बसून होती. मृतदेहाच्या पावतीवर अंगठा उठवताना तिने विचारलं, "आज देताय ना, साहेब? का तिकडनं कागद आणू?"

"आज देतो," मी म्हणालो.

अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली. गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही. हद्दीचा वाद घालायला लागणारा वेळ आमचा नसतो, समोरच्याचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत हद्दीच्या कारणावरून मी कुणाला परत पाठवलं नाही. आधी शून्य क्रमांकाने नोंद घ्यायची, हद्द नंतर बघायची.

पण त्या वाडीवरून पुढच्या चार वर्षांत आमच्याकडे एकही तक्रार आली नाही. महिन्याच्या गुन्हे बैठकीत तो पट्टा शांत म्हणून दाखवला जायचा. आकडे मीच देत होतो.