रेणूला विचारलं तेव्हा

गावाबाहेरच्या बालगृहात मी मुलींना शिवण शिकवायला जाते. त्या दुपारी रेणूचा चुलता तिला न्यायला आला, तशी ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. माझा पदर तिनं मुठीत असा धरला होता की खांद्याला ओढ बसत होती.

अधीक्षिका शैलाताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "रेणू, काकांबरोबर जायचंय का तुला?"

"पोरीला काय विचारायचं?" चुलता म्हणाला.

"जायचं तिला आहे ना," असं म्हणून ताई थांबल्या. मुलांना आपण जेवलात का, झोपलात का, हे विचारतो. त्यांनी कुठं राहायचं ते मात्र परस्पर ठरवतो. आई गेल्यापासून रेणूला नातेवाइकांनी या घरातून त्या घरात हलवलं होतं.

चुलत्यानं पुढं होऊन तिचा दंड धरला.

"हात सोडा आधी," ताई आवाज न चढवता म्हणाल्या.

त्यानं सोडला.

"नाही जायचं," रेणू पुटपुटली. मग कुणाला ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा मोठ्यानं म्हणाली.

"ऐकलं गं," ताई म्हणाल्या.

"परत येईन मी," असं बजावून चुलता निघून गेला. फाटक लागलं, तरी रेणू 'नाही जायचं' हे दोन शब्द हळूहळू म्हणतच होती. असं म्हणता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं असावं.