फ्लॉपीतलं कुंकू

खंडेनवमीला कुंकवाची पुडी उघडली की शहाद्याच्या माझ्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानातली एक दुपार आठवते. सारंगखेड्याची एक बाई वारलेल्या नवऱ्याची फ्लॉपी घेऊन आली होती. त्याने काय लिहिलंय ते तिला एकदा कुणाकडून वाचून ऐकायचं होतं. कॉम्प्युटरला बाहेरून जोडायचा जुना ड्राइव्ह मी खोलला, फ्लॉपी वाचणारं आतलं हेड स्पिरिटने पुसलं, फ्लॉपी घातली. नुसती खरखर झाली. हेड पुन्हा पुसलं, तर कापूस लाल झाला. "दर दसराले मी हिनी पूजा करस, भाऊ," ती म्हणाली. आत उतरलेल्या कुंकवाने तबकडी खरवडली होती. "जुनी झाली, ताई," एवढंच मी सांगितलं. फ्लॉपी कपाळाला लावून ती गेली. बायको गेल्यावर यंदा पूजेला मी एकटाच आहे. सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं. बायकोचा आवाज साठवलेल्या मोबाइलपाशी तेवढं बोट थांबलं.